चौथी शीट

१

"दार सोड, आये."

"नाय सोडत."

"इंजिन चालू हाय. फुकट डिझेल जळतंय."

"जळू दे. डिझेल जळताना मी तुझ्या जल्माच्या आधीपासून बघत्ये."

जितेश, माझा मुलगा, स्टेअरिंगवर. मी त्याच्या पाठीमागच्या दाराशी. दार उघडं, माझा एक पाय गाडीच्या काठावर. आत येसाजी, माझा नवरा, पाठीला उशी घेऊन बसलेला. हो, मी नवऱ्याचं नाव घेते. त्यामुळे आजवर त्याचं आयुष्य कमी झालेलं नाही. जे कमी झालं ते मूत्रपिंडांनी केलं. डायलिसिसचा दिवस होता. पनवेल गाठायचं होतं.

"येताना खालापूरला धनेशकडं थांबायचंय," जितेश म्हणाला. "कागद तयार हायत त्याच्याकडं. आज नाय घेतली तर गाडी दुसऱ्याला देणार तो."

"देऊ नको म्हणावं. दुसऱ्याला पण देऊ नको."

"मग खोट काय ती सांग ना. एक सांग. तूच तपासलीस. तूच बोललीस, अशी गाडी परत हाताला लागायची नाय."

बोलले होते. माझंच वाक्य होतं, नाकारू कसं?

"खोट नाय," मी म्हटलं. "तेच सांगत्ये तुला. गाडीत खोट नाय."

जितेशने स्टेअरिंगवर तळहात आपटला. "बाबांचे पाय बघ. टरटरून सुजलेत. आज चुकलं तर छातीत पाणी चढंल. तेव्हा पण दार धरून उभी राहणार हायस?"

सुजेचं मला सांगत होता. त्या पायांवर रोज अंगठा दाबून खळगा भरायला किती वेळ लागतो ते बघणारी मी. आज खळगा भरतच नव्हता. जायला हवं होतं, आणि लवकर. दाराशी आलेली गाडी ही एकच होती.

२

आमची जुनी व्हॅन पळसदरीच्या चढावर मेली. बॉनेटमधून वाफ आली, इंजिनाचं हेड वाकलं, संपलं. येसाजीला जांभळाखाली बसवलं तर तो माझ्या पदरात ओकला आणि म्हणाला, "गौरे, मला इथंच ठेव गं. तुमी जा." त्या दिवशी मी ठरवलं की पुढची गाडी रंगाने कशीही असो, रस्त्यात मरता कामा नये.

गाडीची पारख माझ्याकडेच होती. आमच्या कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवरच्या गावात मी भातगिरणी चालवली. सासऱ्यांच्या वेळी कर्जतहून मेकॅनिक यायचा, पैसे न्यायचा आणि इंजिन पुन्हा खोकायचं. शेवटी मी इंजिनाबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. अक्षर येत नव्हतं, तर चित्रं वाचली. चित्रांखालच्या नावांवरून अक्षर शिकले. गिरणीने माझा डावा कान खाल्ला. उजव्याने मात्र मी अजून बेअरिंग कुठलं जाणार ते सांगते, आणि ते जातं.

खालापूरला फाट्यापासून आत धनेशची पत्र्याची शेड आहे. पांढरी सेडान, डिझेल. आदल्या दिवशीच मी त्याला फोनवर बजावलं होतं: मी यायच्या आधी इंजिन चालू करायचं नाही. गरम करून ठेवलेलं इंजिन म्हणजे पावडर थापून बसवलेली नवरी. बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात लागलं. धूर नाही. ऑइलचं झाकण काढून तळवा धरला, वाफ मारत नव्हतं. लाकडी दांडक्याचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावलं. आतून असा आवाज येत होता जसा झोपलेल्या निरोगी माणसाचा येतो. स्पीकरातलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून चारी बाजूंनी फिरवलं; पुटी भरून रंगवलेल्या पत्र्याला ते चिकटत नाही. इथे सगळीकडे चिकटलं. पायाखालचा गालिचा उचलून नाक लावलं. पुरात बुडालेली गाडी कितीही धुवा, तिथे चिखल राहतोच. इथे नव्हता.

"तुमी तर आरटीओपेक्षा भारी, मावशी," धनेश म्हणाला.

"ते गाडी बघत नायत, कागद बघतात."

"घरगुती वापर हाय. एकच मालक. मागं तर कोण बसलंच नाय. कारखान्यातलं प्लास्टिक तसंच हाय बघा."

बघितलं. मागच्या लांब शीटवर प्लास्टिक होतं. दोन्ही खिडक्यांकडे ते काचेसारखं स्वच्छ, नवं. मधोमध मात्र धुरकट झालेलं, बारीक चुण्या पडलेल्या, आणि हात फिरवला तर खाली उथळ खोलगा.

"मध्ये कोण बसत होतं रं?"

"सामान ठेवत असतील."

पटलं. एकटा माणूस मागे बसला तर खिडकीशी बसतो; मधे कुणी बसत नाही. पिशव्या ठेवल्या असतील.

गाडी बंद करून निघताना धनेशने मागचं दार उघडलं, क्षणभर धरून ठेवलं आणि मग लावलं. तेव्हा कुठे कुलूप केलं.

"आत काय राहिलं काय?" मी विचारलं.

"नाय. का?"

"मागचं दार उघडलंस ते."

त्याने आपल्याच हाताकडे बघितलं. "उघडलं काय?" म्हणाला आणि हसला. "सवय हो."

मग आपणहून म्हणाला, घेऊन जा, चार दिवस वापरा, मग बोला. मला हे तेव्हाच खटकायला हवं होतं. विकणारा इतका मोकळा नसतो. पण इंजिनाचा तो आवाज माझ्या कानात बसला होता.

३

पहिल्या दिवशी मी पुढे बसले, जितेशच्या शेजारी. येसाजी मागे, जितेशच्या पाठीशी, एकटा.

चौकच्या अलीकडे वळून बघितलं तर तो दाराला चिकटून बसलेला. खांदा काचेला, गुडघे जुळवलेले. अख्खी शीट रिकामी आणि हा कोपऱ्यात.

"अवो, ऐसपैस बसा की. गाडी आपल्यासाठीच घेतोय."

"बसलोय की. जागा ठेवली."

"कुणाला?"

तो विचारात पडला, मग त्याचं त्यालाच हसू आलं. "मिनिडोरची सवय गं. चौथी शीट."

आमच्याकडे हे सगळ्यांनाच कळेल. भाड्याच्या त्या तीनचाकीत तिघांच्या बाकावर ड्रायव्हर चौथा बसवतोच. 'सरका जरा, चौथी शीट येऊ द्या,' म्हणतो, आणि आपण न बघता सरकतो. येसाजीचा जन्म कर्जत-चौकच्या मिनिडोरमध्ये गेला. मीही हसले. जितेश तर इतका हसला की त्याने हॉर्न वाजवला.

डायलिसिसहून येताना येसाजी पिळून काढलेल्या फडक्यासारखा पडून असतो. बोललं तर खेकसतो. त्या दिवशी तो हळू आवाजात काहीतरी सांगत होता. पावसाळ्यात उल्हास नदीत मासे कसे चढतात, खेकडा कुठून धरायचा. आम्हाला सांगत नव्हता, कारण मी "काय?" म्हटलं की थांबायचा. त्याच्या बोलण्यामधून मधूनच प्लास्टिक चुरचुरत होतं. तो हलला की वाजेल, हे खरं. तो हलत नव्हता.

ऊन होतं. उन्हाने प्लास्टिक ताणतं आणि वाजतं. घराच्या पत्र्यासारखं. मी स्वतःला हे समजावलं, आणि समजावून झाल्यावरही पुढे बघत राहिले, मागे नाही.

घरी उतरल्यावर येसाजीने दार लगेच लावलं नाही. धरून उभा राहिला. मग लावलं.

"बाबांना गाडी मानवली," जितेश म्हणाला. "बघ कसे बोलत होते."

४

येसाजीच्या डाव्या हाताला, कोपराच्या आत, ऑपरेशन करून शिरा जोडल्या आहेत. मशीन तिथूनच रक्त घेतं. तो हात म्हणजे आमचं देवघर. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, तो कुणी दाबायचा नाही. जोड चालू असला की तिथे कातडीखाली रक्ताची घरघर लागते. नर्सने सांगितलं होतं, रोज बोट लावून बघा. घरघर थांबली तर जेवायलासुद्धा थांबू नका, तसेच या. मी बोट लावत नाही. उजवा कान लावते. गिरणीचा पट्टा लांबून ऐकावा तसा आवाज येतो. तो ऐकला की माझी सकाळ होते.

दुसऱ्या दिवशी कान लावला आणि आवाज लांब गेलेला होता. होता, पण दोन शेतं ओलांडून आल्यासारखा.

"कसा हाय?" येसाजीने विचारलं.

"हाय," मी म्हटलं.

मग काहीतरी हाताला काम हवं म्हणून फडकं घेऊन गाडी पुसायला गेले. थंडीचे दिवस, सकाळ, गाडीवर दव. किल्ली घरात खुंटीला. मागचं प्लास्टिक पुसायला आत वाकले आणि त्या मधल्या खोलग्यापाशी थांबले. फडकं बाजूला ठेवलं. का ते माहीत नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीचा संशय आला तिला मी कान लावत आले, म्हणून लावला.

घरघर होती.

उठून बसले. मी वेडी नाही. कानाला काहीही लावलं की आपल्याच रक्ताचा आवाज येतो, शंखात येतो तसा. म्हणून पुढच्या शीटला कान लावला. काही नाही. मागे डाव्या खिडकीशी लावला. काही नाही. उजव्या खिडकीशी, जिथे येसाजी बसला होता, तिथेही नाही. ओटीवरच्या बाजेला लावला, भिंतीला लावला. काही नाही. पुन्हा मधे लावला. होती. ठणठणीत, लागून असलेली, अगदी जवळ. पट्टा घसरत नसलेल्या गिरणीसारखी. आदल्या सकाळपर्यंत येसाजीच्या हातात होती तशी.

आणि प्लास्टिक कोमट होतं.

जितेशला सांगितलं तेव्हा तो दाढी करत होता. त्याने आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "आये, तुझे कान गिरणीतच गेले गं," म्हणाला. वाईट नाही बोलला, मायेनेच बोलला. त्याचंच मला जास्त लागलं.

५

पुढच्या खेपेला मी मागे बसले. येसाजी उजव्या दाराशी, मी डाव्या. म्हटलं, बघू काय ते.

पळसदरी गेल्यावर लक्षात आलं की माझा खांदा काचेला टेकलाय. गुडघे जुळलेत. मी चांगली रुंद बाई आहे, मिनिडोरमध्ये लोक माझ्याशेजारी बसायला कुरकुरतात; आणि मी अंग चोरून बसले होते. मधे रिकामी जागा. माझ्यासारखी आणखी एक मावेल एवढी.

मी मुद्दाम पसरून बसायला गेले. बसवलं नाही. कुणी अडवलं म्हणून नव्हे. मोठी माणसं ओटीवर बसलेली असताना आपण मधून जात नाही, तसं काहीसं अंगात आलं. येसाजीचा डावा हात त्या रिकाम्या जागेत प्लास्टिकवर पडलेला होता. तळवा वर, बोटं किंचित मिटलेली.

चौकला वळताना सीटबेल्टचं बक्कल माझ्या मांडीखाली टोचायला लागलं. ते काढायला जागा हवी. आणि मी, बाहेर बघत असताना, जन्माच्या सवयीने म्हणाले, "सरका जरा."

प्लास्टिक वाजलं. माझ्या मांडीपासून सुरू होऊन येसाजीच्या दिशेने वाजत गेलं.

मला जागा झाली. येसाजी आणखी दाराशी दाबला गेला. त्याने डोळे मिटले. जितेशने रेडिओ लावला होता. त्याला काही ऐकू गेलं नाही. मी बक्कल काढलं नाही. पनवेलपर्यंत ते तसंच टोचू दिलं.

तिथे नर्सने बाही वर केली आणि माझ्याकडे रागाने बघितलं. "आजी, तुम्हाला किती वेळा सांगितलं? हा हात धरायचा नाही."

"मी धरला नाय."

"मग हे काय?"

जोडाच्या खाली चार वळ होते. एकमेकांना लागून, बारीक. मी माझी बोटं त्यावर धरून बघितली नाहीत. गरज नव्हती. माझी बोटं भाताची पोती उचललेली आहेत.

मशीनला रक्ताचा जोर पुरेना. पुन्हा पुन्हा शिट्टी वाजत होती. नर्स म्हणाली, पुढच्या वेळी लवकर आणा, डॉक्टरांना दाखवू. मधे घरघर थांबली तर तशाच या.

येताना मी येसाजीला पुढे बसवायला गेले. त्याने माझा हात सोडवला, गाडीला वळसा घालून मागे गेला आणि त्याच कोपऱ्यात शिरला. धडपणे चालता न येणारा माणूस.

"मागंच बरं हाय," म्हणाला. "एकटं वाटत नाय."

मी पुढे बसले. आरसा जितेशच्या बाजूला वळलेला होता, मला त्यात काही दिसत नव्हतं. ते मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

६

तर आज सकाळी हाताला कान लावला आणि खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कुठेतरी, खोल, एक धागा. मी जितेशला हाक मारेपर्यंत तो येसाजीला गाडीत बसवून मोकळा झाला होता. मी मिनिडोरवाल्या बुधाजीला फोन केला. त्याची मिनिडोर कर्जतहून निघाली होती.

"मिनिडोरमध्ये?" जितेश म्हणाला. "बाबांना? पनवेलपर्यंत? हाडं खिळखिळी होतील त्यांची."

"होऊ देत. हाडं आपल्या हातात तरी राहतील."

"आये, आवाज नाय, धूर नाय, गळती नाय. तूच सांग, रस्त्यात बंद पडंल काय ही?"

"नाय पडायची."

"मग?"

"बंद पडायची नाय, हेच तर," मी म्हटलं. "इतकी चांगली कशी चालते, ते विचार कधी तिला."

तो थकून हसला. रात्रपाळी करून आलेला होता खोपोलीहून, डोळे लाल. त्याचा राग मला कळत होता. बापाला वाचवायला निघालेला पोरगा, आणि आई दाराला लोंबकळलेली. बघणाऱ्याने मलाच खुळी म्हटलं असतं. सुप्रिया, सून, ओटीवर डबा घेऊन उभी होती आणि आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हती.

"बाबा, तुमीच सांगा हिला," जितेश म्हणाला.

येसाजीने माझ्याकडे मान वळवली. चेहरा शांत होता. इतका शांत मी त्याला आजारपणाच्या आधीही बघितला नव्हता. ओठ मात्र राखेसारखे.

"गौरे, भांडू नको गं," तो हळूच म्हणाला. इंजिनाच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं. "दार लाव. गार वारा येतोय. काकडतंय ते."

ते.

मी त्याचा उजवा हात धरला. माझ्याकडचा. गार पडला होता, पण माझ्या बोटांना त्याने धरलं. मग मी आत वाकले, त्याच्या अंगावरून पलीकडे बघितलं. ज्याच्याकडे बघायचं टाळत आले तिकडे.

त्याचा डावा हात प्लास्टिकवर टेकलेला नव्हता. चार बोटांएवढा वर उचललेला, अधांतरी, सरळ. सुजलेला, जड हात. इतका वेळ असा धरून ठेवायची ताकद त्याच्यात नव्हती. बोटं फाकलेली होती, लहान मुलाला रस्ता ओलांडताना आपल्या बोटांत बोटं अडकवून धरतो तशी. आणि प्रत्येक दोन बोटांच्या बेचक्यात कातडी दबून पांढरी पडली होती. बघता बघता हात थोडा आत ओढला गेला. प्लास्टिक चुरचुरलं. खोलगा भरलेला होता.

माझ्या हातातला हातही त्याबरोबर आत गेला, आणि मी काठावरच्या पायाने गाडीला जोर लावून तो धरून ठेवला.

वेशीकडून मिनिडोरचा खडखडाट येत होता, पण अजून लांब होता.

"शेवटचं सांगतो, आये," जितेश पुढे बघतच म्हणाला आणि त्याने गिअर टाकला. "दार लाव, नायतर मी तसाच निघतो."

मी आवाज चढवला नाही.

"जितेश," मी म्हटलं, "बाबाचा हा हात माझ्या हातात हाय, तो दुसरा कुणाच्या हातात हाय तेवढं आरशात बघ, आन मग खुशाल गाडी काढ."